एम ४५.३ कुणी लिहिला?

क्रॉस-रेफरन्सच्या यादीप्रमाणे एम ४५.३ हा बिट प्रोग्राममध्ये बऱ्याच ठिकाणी वाचला जात होता आणि एकाही ठिकाणी लिहिला जात नव्हता. तरीही तो मनाला येईल तेव्हा शून्याचा एक व्हायचा.

कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीतल्या सँड प्लांटची ही गोष्ट. वाळू, बेंटोनाइट, कोळशाची भुकटी आणि पाणी मोजून मिक्सरमध्ये टाकायचं, ठरलेला वेळ मळायचं आणि खालचं गेट उघडून तयार वाळू पट्ट्यावर सोडायची, एवढंच त्या प्लांटचं काम. एम ४५.३ म्हणजे त्या गेटची मॅन्युअल आज्ञा. ऑटोमध्ये सगळं सुरळीत चालायचं. मॅन्युअलला घेतलं की मात्र कधीकधी कुणी हात न लावता गेट उघडायचं आणि अर्धवट मळलेली वाळू खाली यायची. एचएमआयवरचं, म्हणजे ऑपरेटरसमोरच्या पडद्यावरचं, गेटचं बटण एकदा दाबून सोडलं की ते मुकाट बंद व्हायचं. त्यामुळे दोष एचएमआयचा, असं सगळ्या पाळ्यांचं एकमत झालेलं होतं.

चिंचवडच्या एका छोट्या सिस्टिम इंटिग्रेटरकडे काम करणारी अभियंता तिथे आली होती ती वेगळ्याच कामासाठी. प्लांटचा कंट्रोलर सीमेन्सचा एस७-३००. ही मालिका टप्प्याटप्प्यानं बंद करायला कंपनीनं २०२३ मध्ये सुरुवात केली, तेव्हा तो काढून एस७-१५०० बसवायचं ठरलं होतं. जुना प्रोग्राम समजून घ्यायचा आणि नव्यात उतरवायचा, हे तिचं काम. गेटचं दुखणं मेंटेनन्सच्या मुख्य इलेक्ट्रिशियननं जाता जाता तिच्या कानावर घातलं. प्लांट उभा राहिला तेव्हापासून ते तिथे होते आणि सगळे त्यांना मामा म्हणत. "मॅडम, ते गेट आपलं आपण उघडतंय बघा. आलायसा तर तेवढं बघून जावा."

बघायला प्रोग्राम हवा. मूळ प्रोग्राम लिहिणारा माणूस केव्हाच दुसरीकडे गेला होता आणि प्रोजेक्टची फाइल कुणाकडेच नव्हती. कंट्रोलरमधून प्रोग्राम लॅपटॉपवर उलटा ओढता येतो, पण एस७-३०० मध्ये तो ओढला की हाती लागतो फक्त सांगाडा. सिम्बॉल टेबल, म्हणजे कुठल्या पत्त्याला काय नाव ते सांगणारी यादी, त्या काळच्या स्टेप ७ या सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्रामरच्या संगणकावरच राहायची. सीपीयूला नावांची गरजच नव्हती. कॉमेंट्सही तशाच मागे राहायच्या, आणि ब्लॉकच्या पॅरामीटरना दिलेली नावं जाऊन तिथे आयएन०, आउट१ असलं काहीतरी यायचं. तिच्यासमोर उघडले ते नुसते पत्ते: आय ४.२, क्यू ८.०, एमडब्ल्यू २०, डीबी १०. एफसी ४३ हा ब्लॉक काय करतो हे त्याच्या पोटात शिरल्याशिवाय कळायला मार्ग नव्हता.

आणि इथे मामांचा उपयोग झाला. ते प्रोग्रामर नव्हते, पण पत्ते त्यांना तोंडपाठ होते. आय ४.२ म्हणताच "मिक्सरचं दार बंद", क्यू ८.० म्हणताच "कोळशाचा फीडर". यात जादू काही नाही. एस७-३०० च्या रॅकमध्ये प्रत्येक डिजिटल कार्डाला मुळातच चार बाइट राखून ठेवलेले असतात. चौथ्या स्लॉटचं कार्ड शून्यापासून, पाचव्याचं चारपासून, सहाव्याचं आठपासून. म्हणजे आय ४.२ म्हटलं की डोळ्यांसमोर जागा येते: पाचवा स्लॉट, वरून तिसरा दिवा. तोच पत्ता पॅनेलमधल्या वायरच्या फेरूलवर छापलेला असतो आणि ड्रॉइंगमध्येही असतो. रात्री दोन वाजता सेन्सर लागत नाही म्हणून पॅनेलचं दार उघडणाऱ्या माणसाला दिव्याशेजारी "मिक्सर_डोअर_क्लोज्ड" असं काही दिसत नाही. त्याला दोन नंबरचा दिवा दिसतो.

सिम्बॉलिक नावांचा पुरस्कार करणारे ही बाजू सहसा विसरतात. नावानं लिहिलेला प्रोग्राम वाचायला सोपा, हे खरंच. पण वाचणारा लॅपटॉपसमोर बसलेला असेल तर. शिवाय नाव खोटं बोलू शकतं. याच प्लांटमध्ये एचएमआयच्या पडद्यावर एका हॉपरचं नाव अजून बेंटोनाइट होतं आणि त्यात कोळशाची भुकटी भरली जात होती. पाइपलाइन कधीतरी बदलली, नाव बदलायचं राहिलं. मामा त्याला नावानं हाकच मारत नसत. क्यू ८.० म्हणत.

कंट्रोलरची सुरुवातच अशा माणसांसाठी झाली. १९६८ मध्ये जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला रिलेंची कपाटं काढून टाकायची होती. अमेरिकेतल्या बेडफर्ड असोसिएट्समध्ये डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून मॉडिकॉन ०८४ तयार केला. ०८४, कारण तो त्या संस्थेचा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प होता. त्याची भाषा मुद्दाम रिलेच्या आकृतीसारखी ठेवली, कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला नवीन काही शिकावं लागू नये म्हणून. कॉइल आणि कॉन्टॅक्टला आकडे द्यायचे आणि आकड्यांनीच ओळखायचं, ही सवय तिथूनच पडली, आणि प्रत्येक कंपनीनं आपापली पद्धत काढली. ॲलन-ब्रॅडलीच्या जुन्या कंट्रोलरमध्ये एन७:० म्हणजे पूर्णांकांच्या सात क्रमांकाच्या फाइलमधला पहिला शब्द. मित्सुबिशीच्या एफएक्समध्ये इनपुट अष्टमान पद्धतीनं मोजतात, त्यामुळे एक्स७ नंतर थेट एक्स१० येतो आणि पहिल्यांदा काम करणारा ट्रेनी एक्स८ शोधत टर्मिनलवर बोट फिरवत राहतो. मॉडबसमध्ये कागदावर ४०००१ लिहिलेलं रजिस्टर तारेवरून जाताना शून्य क्रमांकाचं असतं. या एका आकड्याच्या फरकानं किती जणांची संध्याकाळ खाल्ली असेल त्याला गणती नाही. १९९३ च्या आयईसी ११३१-३ या मानकानं (पुढे ६११३१-३) नाव आणि पत्ता या दोन्हींसाठी एक सामाईक लेखनपद्धत दिली. पण जुनी यंत्रं मानक वाचून बदलत नाहीत.

तर एम ४५.३.

एचएमआयनं लिहिलेलं क्रॉस-रेफरन्समध्ये दिसत नाही, कारण तो बाहेरून तार लावून कंट्रोलरच्या मेमरीत परस्पर लिहितो. त्यामुळे पाळ्यांचा संशय अगदीच निराधार नव्हता. पाळी बदलताना प्लांट थांबला, तेव्हा तिनं एचएमआयची केबल काढून ठेवली आणि लॅपटॉपवरच्या व्हेरिएबल टेबलमधून रेसिपीचा, म्हणजे मिश्रणाच्या प्रमाणांचा, क्रमांक बदलत गेली, कारण गेट ठरावीक रेसिप्यांवरच उघडतं असं पाळ्या सांगत होत्या. एका रेसिपीवर बिट शून्य, दुसरीवर शून्य, पुढच्या एकीवर एक. एचएमआय निर्दोष सुटला. लिहिणारा प्रोग्रामच्या आतच होता.

शोधायची रीत जुनीच आहे. ओबी १ हा मुख्य ब्लॉक. तो प्रत्येक स्कॅनला बाकीच्या ब्लॉकना ओळीनं हाक मारतो. तिनं ओबी १ च्या तोंडाशीच एम ४५.३ दर स्कॅनला शून्य केला आणि प्रत्येक कॉलनंतर एक मोकळा बिट लॅच करून ठेवला: इथपर्यंत तो एक झाला होता का? मग रेसिपी बदलली. एफसी ४३ च्या आधीचे सगळे लॅच शून्य, नंतरचे सगळे एक.

एफसी ४३ मध्ये एम ४५.३ चा उल्लेख कुठेच नव्हता. होती एसटीएल या सीमेन्सच्या मजकुरी भाषेत लिहिलेली एक छोटी लूप, रेसिपी बदलली की चालणारी. रेसिपीचा क्रमांक घ्यायचा, एक वजा करायचा, २८ नं गुणायचं, तीन बिट डावीकडे सरकवायचं, अॅड्रेस रजिस्टरमध्ये टाकायचं. तीन बिट कशासाठी, हे सीमेन्सच्या पॉइंटरची रचना पाहिली की कळतं. ३२ बिटांपैकी खालचे तीन बिट म्हणजे बाइटमधला बिट क्रमांक, त्याच्यावर बाइटचा क्रमांक, आणि सगळ्यात वरच्या बाइटमध्ये मेमरीचा विभाग: इनपुटला हेक्स ८१, आउटपुटला ८२, एम ला ८३, डेटा ब्लॉकला ८४. बाइटचा पत्ता आठानं गुणला की पॉइंटर होतो. लूप मग डीबी १० मधून एकेक शब्द उचलून एमडब्ल्यू २० पासून पुढे ठेवत जायची. चौदा फेऱ्या.

प्रत्येक रेसिपीसाठी २८ बाइट, म्हणजे चौदा शब्द. पण एमडब्ल्यू २० पासूनचे बाराच शब्द प्रोग्राममध्ये पूर्वापार वापरात होते: चार वजनं, मिसळण्याच्या वेळा, ओलाव्याची मर्यादा वगैरे. शेवटची दोन मूल्यं नंतर कधीतरी वाढवली गेली होती, वाळूत घालायच्या नव्या मिश्रकाचं वजन आणि त्याचा वेळ. वाढवणाऱ्यानं डेटा ब्लॉक वाढवला, गुणाकार २४ चा २८ केला, फेऱ्या बाराच्या चौदा केल्या. माल जिथे उतरायचा तिथे पुढे कोण राहतं, हे मात्र पाहिलं नाही. एमडब्ल्यू ४२ नंतरची जागा मोकळी नव्हती. चाळीत बारा खोल्या घेतल्या, सामान चौदा खोल्यांचं आलं आणि हमालांनी शेजाऱ्याच्या खोलीचं दार ढकलून आत ठेवून दिलं, तसा प्रकार.

तेरावा शब्द एमडब्ल्यू ४४. सीमेन्समध्ये शब्दाचा मोठा भाग पहिल्या बाइटमध्ये जातो, म्हणजे एमबी ४४ मध्ये, आणि लहान आकडे सगळे एमबी ४५ मध्ये. त्यातल्या तीन क्रमांकाच्या बिटाची किंमत आठ. मिश्रकाचं वजन १२ किलो असलं की आठ अधिक चार, बिट लागतो. २४ असलं तरी लागतो. ५ असलं की चार अधिक एक, लागत नाही. २० असलं की सोळा अधिक चार, लागत नाही. कुठल्या रेसिपीवर गेट उघडतं आणि कुठल्यावर नाही हे पाळ्यांना पाठ झालेलं होतं, आणि त्यात कुणालाच काही सूत्र दिसत नव्हतं. हा हिशेब कागदावर मांडला आणि सूत्र आकड्यासकट समोर आलं. एचएमआयचं बटण सोडताना तो बिट शून्य करत होता, म्हणून बटण दाबून सोडलं की गेट बंद.

पत्ता जेव्हा प्रोग्राम चालू असताना तयार होतो, तेव्हा तो शोधायला गेलं तर सापडत नाही. इनडायरेक्ट अॅड्रेसिंगचा खरा त्रास हा आहे. क्लिष्टपणा, वेग, मेमरी या गोष्टींवर अभियंते तावातावानं बोलतात, पण ते सगळं दुय्यम. कारखान्यातला माणूस प्रोग्राम पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचत नाही. तो एका पत्त्यापासून सुरू करतो आणि मागे मागे जातो. हे आउटपुट का लागत नाही, याची आज्ञा कुठून येते, ती कुणी अडवली. पॉइंटर ही साखळी मधेच तोडतो.

म्हणून पॉइंटर वापरूच नये, असं तिचं मत नव्हतं. चाळीस रेसिप्या क्रमांकावरून उचलायच्या तर प्रत्येकीसाठी वेगळा कोड लिहिणं हा वेडेपणा झाला असता. सीमेन्सच्या जुन्या एस५ च्या जमान्यातही हे लागायचंच. तिथे मेमरीतल्या आकड्यावरून पुढच्याच सूचनेचा पत्ता बदलणारी सूचना होती. ॲलन-ब्रॅडलीत एन७:[एन७:५] असं चौकटी कंसात लिहायचं, मित्सुबिशीत डी१००झेड० असं इंडेक्स रजिस्टर जोडून. पण त्याच प्लांटमध्ये सगळे फीडरही एका लूपमध्ये पॉइंटरनं चालवलेले होते, आणि तिथे मात्र तिनं नाक मुरडलं. कोड देखणा होता, पानभरसुद्धा नाही. ऑनलाइन जाऊन बघायला गेलं की एकाच फेरीचे आकडे पडद्यावर दिसतात, आणि ती फेरी हव्या त्या फीडरची असेलच असं नाही. मामांनी एवढ्या वर्षांत त्या ब्लॉकमध्ये एकदाही पाहिलं नव्हतं, कारण पाहून काही कळत नव्हतं. फीडर अडला की ते कॉन्टॅक्टर हातानं दाबून बघत.

नव्या प्रोग्राममध्ये तिनं फीडर वेगवेगळे केले. एकच फंक्शन ब्लॉक, प्रत्येक फीडरला त्याचा स्वतःचा इन्स्टन्स डेटा ब्लॉक, आणि लॅडरमध्ये ओळीनं कॉल. प्रोग्राम लांबला. तिच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला हे बघवलं नाही. इतकं लांबण कशाला, ॲरे घे आणि फिरव, असं त्याचं म्हणणं. तिचं उत्तर एवढंच होतं की सहा नंबरचा फीडर अडला तर सहा नंबरचा कॉल उघडायचा, हिरवी रेघ जिथे तुटते तिथे बोट ठेवायचं.

रेसिपीला मात्र ॲरे. एस७-१५०० मध्ये ऑप्टिमाइझ्ड डेटा ब्लॉक असतात आणि त्यात ऑफसेट दिसतच नाहीत. कुठलं व्हेरिएबल मेमरीत कुठे ठेवायचं ते कंट्रोलर स्वतः ठरवतो. लिहायचं ते नावानं आणि कंसात क्रमांक देऊन. पी# वाला पॉइंटर अशा ब्लॉकवर चालत नाही. ॲरेच्या बाहेरचा क्रमांक आकड्यात लिहिला तर कंपाइल करतानाच अडतो. चालू असताना हिशेबातून बाहेरचा क्रमांक निघाला तर प्रोग्रामिंग एरर येते आणि ओबी १२१ हा एरर हाताळणारा ब्लॉक लोड केलेला नसेल तर एस७-१५०० चा सीपीयू स्टॉपला जातो. लॉजिक्स मालिकेतल्या ॲलन-ब्रॅडली कंट्रोलरमध्येही हीच तऱ्हा, ॲरेची हद्द ओलांडली की मेजर फॉल्ट. शेजाऱ्याच्या खोलीत सामान जाणं संपलं, पण त्याबदली अख्खी चाळ बंद पडू शकते.

प्रॉडक्शन मॅनेजरना हे सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच विचारलं, मग जुनंच बरं होतं की? गेट उघडायचं, पण प्लांट तर चालायचा. प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मोल्डिंग लाइनला वाळू मिळाली नाही तर मागे भट्टीत वितळलेलं लोखंड तसंच राहतं, आणि ते थांबवायला जागा नसते. तिनं मधला मार्ग काढला: क्रमांक वापरण्याआधी तो हद्दीत आहे का ते तपासायचं, नसेल तर आधीचीच रेसिपी चालू ठेवायची आणि एचएमआयवर अलार्म द्यायचा. ओबी १२१ सुद्धा लोड करून ठेवला. नको तिथे लिहिणारा कोड गप्प बसून लिहितो, हे तिला सगळ्यात खटकत होतं. थांबणारा निदान सांगतो तरी.

एका ठिकाणी जुनी पद्धत तशीच ठेवावी लागली. ऑफिसातल्या संगणकावर एक जुनं रिपोर्ट सॉफ्टवेअर होतं, ते डेटा ब्लॉकमधून बाइटचा क्रमांक सांगून आकडे उचलायचं. त्याला नावं कळत नव्हती. त्याच्यासाठी एक ब्लॉक साधा, ऑफसेटवाला ठेवला आणि बाहेरून मेमरी वाचू देणारी पुट-गेटची परवानगी चालू केली. अशा ब्लॉकमध्ये मधेच एखादं व्हेरिएबल घुसवलं की खालचे सगळे पत्ते सरकतात आणि रिपोर्टमध्ये ओलाव्याच्या रकान्यात वजन छापून येतं, तेही कुठलीच एरर न देता. म्हणून पहिल्याच ओळीच्या कॉमेंटमध्ये तिनं लिहिलं की वाढवायचं ते तळाशी, आणि तळाशी थोडी राखीव जागाही सोडली.

इनपुट-आउटपुटच्या टॅगमध्ये नावाच्या शेवटी पत्ता जोडायचा, ही मामांची अट. नाव आणि पत्ता दोन्ही एकाच ओळीत दिसले पाहिजेत. जाणकार मंडळी याला नाक मुरडतात: पत्ता बदलला की नाव खोटं ठरतं, शिवाय सॉफ्टवेअर पत्ता शेजारी दाखवतंच. तिनं मान्य केलं, कारण वायर एका चॅनेलवरून दुसरीकडे हलवणारा माणूस मामाच होते, आणि नाव बदलायचं कामही त्यांनी स्वतःच कबूल केलं होतं. हॉपरचंही नाव त्यांनीच बदलून घेतलं. डेटा ब्लॉकमधल्या मूल्यांना मात्र आता पत्ताच नव्हता. "मग मी हुडकायचं कशावरनं?" या प्रश्नावर तिनं त्यांना वॉच टेबल करून दिलं, प्रत्येक फीडरचं वेगळं.

नावं आणि कॉमेंट्स आता सीपीयूच्या मेमरी कार्डवरच राहतात. प्रोजेक्टची फाइल हरवली तरी कंट्रोलरमधून सगळं नावासकट परत ओढता येतं. हे मामांना दाखवायला म्हणून त्यांच्या वर्कशॉपमधला लॅपटॉप उघडला, तर त्यावर टीआयए पोर्टल या प्रोग्रामिंगच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती. नव्या आवृत्तीत केलेलं काम जुन्या आवृत्तीत उघडत नाही. "आधी नावं न्हवती," मामा म्हणाले, "आता नावं हाईत तर उघडायला सॉफ्टवेअर न्हाई." नव्या लायसन्सची मागणी त्याच दिवशी खरेदी विभागाकडे गेली. दोन कोटेशन आणा, असा शेरा मारून ती परत आली.